काकांची ग्रेड

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळात कुणी निवडून आलं की त्याला शाल-श्रीफळ द्यायचं, एवढं आम्हाला बरोबर कळतं. तो कशासाठी उभा राहिला, कुणाच्या जोरावर निवडून आला, हे विचारायची पद्धत नाही. 'आपला माणूस' म्हटलं की चौकशी संपली. काका राज्याच्या विधानसभेवर निवडून आले तेव्हा अ‍ॅशबर्नच्या एका हॉलमध्ये आम्ही त्यांना पगडीसुद्धा घातली होती. ती त्यांना घट्ट होत होती, तरी कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी ती काढली नाही.

काका म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत, साऱ्या मंडळाचे काका. नागपूरहून फार पूर्वी आलेले डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी रोग्याला भूल द्यायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं आणि निवृत्त झाल्यावर राजकारणात शिरले. "पेशा बदललेला नाही, पेशंट वाढलेत फक्त," असं माझा नवरा म्हणायचा. पण तोच त्यांच्या प्रचाराच्या पाट्या गाडीत घालून गावोगाव फिरलाही होता.

त्यांचा मतदारसंघ आमच्या पश्चिमेला, घोड्यांच्या कुरणांचा आणि हरणांच्या शिकारीचा. तिथे निवडून यायचं तर बंदुका बाळगणाऱ्यांच्या मोठ्या संघटनेचं सभासद व्हावं लागतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. काका नुसते सभासद झाले नाहीत, आजीव सभासद झाले. कोटावर बिल्ला आला. ही संघटना पुढाऱ्यांना शाळेसारखी ग्रेड देते. त्यांच्या मनासारखं मत दिलं की ए, नाही दिलं की घसरत घसरत एफ, म्हणजे नापास. निवडणुकीआधी ती जाहीर होते आणि तिकडची माणसं ती बघून मत देतात. आता काका पडले मॅट्रिकला बोर्डात आलेले. सत्तरी उलटली तरी गणिताचे मार्क तोंडपाठ. त्यांना पहिल्यांदा ए मिळाला तेव्हा काकूंनी पेढे वाटले. मीही खाल्ला. मेरिटमधला मुलगा परदेशातही पहिला आला, एवढाच त्याचा अर्थ आम्ही काढला.

त्या वर्षी दसरा काकांच्या घरी होता. पाटावर आम्ही नेहमीसारखे लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या आणि काकांचा जुना स्टेथोस्कोप मांडला. काकांनी आतून पिस्तूल आणून मधोमध ठेवलं. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. "आज खरी शस्त्रपूजा झाली!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. जवळच्या हर्नडनकडे तेव्हा चोर आपल्या लोकांची घरं फोडून सोनं नेत होते, त्यामुळे बायकाही हसल्या. पुढच्या शनिवारी काका मंडळातल्या पुरुषांना नेमबाजी शिकायला घेऊन गेले. माझा नवराही गेला. घरी आल्यावर म्हणाला, "कान बधिर झाले यार, पण मजा आली." आम्ही काही बंदूक घेतली नाही. माझे दागिने बँकेत ठेवले आणि विषय संपला.

पुढे काही वर्षांनी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. डेटा सेंटरमध्ये इतकी वर्षं घालवलेला माणूस एका सकाळच्या मीटिंगनंतर रिकामा झाला. मंडळात तो 'वर्क फ्रॉम होम' आहे असंच सांगायचा. मुलाखती दिल्या, नकार आले. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं. तोही हो म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता असं मला आजही वाटतं.

पण एका शुक्रवारी दुपारी तो एकटा बंदुकांच्या दुकानात गेला. ओळखपत्र दाखवलं, काउंटरवर थोडा वेळ उभा राहिला आणि बंदूक घेऊन बाहेर पडला. त्या दिवशी अंधार पडायच्या आत तो गेलेला होता. त्या दुकानदारानं 'सोमवारी या' एवढं म्हटलं असतं, तर तो घरी आला असता. शनिवारी आमची मुलगी कॉलेजहून घरी येणार होती. रविवारी आम्ही काहीबाही बोललो असतो, भांडलोही असतो. सोमवारी कदाचित तो दुकानात गेलाच नसता. हे गणित मी किती वेळा मांडलं आहे, आणि दर वेळी उत्तर एकच येतं.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात जेव्हा विधानसभेत एक विधेयक आलं, तेव्हा मी त्याला घट्ट धरलं. विधेयक साधं होतं. बंदूक विकत घेतली तरी ती काही दिवस थांबून हातात द्यायची, बस. माझा माणूस त्यानं परत येणार नव्हता. पण कुठल्यातरी दुसऱ्या घरातला सोमवार उजाडला असता. समितीत मतं निम्मी निम्मी विभागलेली होती आणि अडलं होतं ते काकांच्या एका मतावर. मी त्यांच्या घरी गेले.

"काका, तो फक्त तेवढे दिवस थांबायला हवा होता हो."

"मला कळत नाही का बाळ? आय न्यू हिम." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण एकदा ह्याला येस म्हटलं की ते लोक मला डायरेक्ट एफ देतात. नंतर तिकीटसुद्धा मिळत नाही."

"नका घेऊ तिकीट. पुष्कळ झालं की आता."

"तिकिटाचं नाही गं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी आयुष्यात कधी नापास झालो नाही."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.  मला इतका संताप आला की हातातली बशी आपटावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्या म्हाताऱ्याची कीवही आली. शेवटी ते म्हणाले, "बघतो." मराठी माणसाच्या 'बघतो'चा अर्थ काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण बुडत्याला काडीचा आधार. मी त्या 'बघतो'वर विश्वास ठेवला आणि मुलीलाही सांगितलं, "काका आपल्या बाजूनं आहेत."

सुनावणीच्या दिवशी मी पहाटेच ड्राइव्ह करत राजधानीत, रिचमंडला पोचले. समितीसमोर बोलायला मला दोन मिनिटं मिळाली. नवरा कसा होता, काय शिजवायचा, मुलीला सायकल कशी शिकवली, हे सगळं ठरवून नेलं होतं. त्यातलं निम्मंच सांगून झालं. सगळा वेळ काका माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग मतासाठी एकेकाचं नाव पुकारलं. काकांची पाळी आली. "नो," ते म्हणाले. आवाज मऊ होता. तेवढ्यावर विधेयक पडलं.

मी बाहेर आले. पाठोपाठ काकाही आले, हातात कापडी पिशवी घेऊन.

"काकूनं दिलंय तुझ्यासाठी. सकाळपासून उपाशी असशील." मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागले. ते पुन्हा म्हणाले, "खाऊन घे, मगच ड्राइव्ह कर."

पिशवी घ्यायची नव्हती. पण वडीलधाऱ्यानं पुढे केलेला डबा नाकारायचं वळण आमच्या हाताला नाही. हात पुढे झाला, पिशवी घेतली.

गाडीत बसून डबा उघडला. संक्रांत नुकतीच झालेली. गुळपोळ्या होत्या, वर तूप लावलेलं. म्हणजे काका 'नो' म्हणणार, हे काकूंना पहाटेच ठाऊक होतं. दोघांनाही ठाऊक होतं, आणि मला कुणी तरी खायला घालावं लागेल हेही ठाऊक होतं. मला भूक लागली होती. त्या भुकेची मला लाज वाटली, रडू आलं, आणि रडत रडतच मी पोळी मोडली.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. दोन लेक्चरच्या मध्ये धावत बाहेर आली असावी, धाप लागली होती.

"आई? डिड काका से येस?"

नाही म्हणायच्या आधी मला काकूंच्या पोळीचा घास गिळावा लागला.