ठेवून घेतलेलं पान

जेवण झालेलं आहे, पंखा सावकाश फिरतो आहे आणि परुळेकर मास्तर आरामखुर्चीत डोळे मिटायच्या बेतात आहेत. मांडीवर दोन पुस्तकं. दोन्ही चित्रांची, दोन्ही मुलांसाठी, आणि दोन्हींत गोष्ट एकच: भांड्यांच्या डोहाची. गावच्या वाचनालयाच्या बालविभागासाठी त्यांतलं एक त्यांनी निवडायचं आहे.

"संध्याकाळपर्यंत सांगा काका," ग्रंथपाल सुवर्णा सकाळी म्हणाली होती. "आणि जपून हाताळा हं. नमुना प्रती आहेत. डाग पडला तर दुकानदार परत घेत नाही."

मास्तर बावीस वर्षं ही निवड करताहेत. अभिप्राय पेन्सिलने लिहितात. कुणाला खोडावासा वाटला तर त्याला त्रास नको. आणि ज्या दंतकथेत शेवटी कुणी मरतं, ते पुस्तक हळूच बाजूला सारतात. पोरं घाबरतील, असं सांगतात. खरं कारण अजून कुणी विचारलेलं नाही.

पहिल्या पुस्तकातला डोह हसरा आहे, त्याला मिशासुद्धा आहेत. दुसऱ्याचं शेवटचं पान मास्तरांनी उलटलेलं नाही. तिथे काय असणार, ते त्यांना ठाऊक आहे. उलटू, जरा वेळाने. पापण्या जड होतात. पंख्याचा आवाज पाण्यासारखा होतो.

बालविभागातल्या बुटक्या बाकावर ते बसले आहेत, गुडघे हनुवटीला टेकलेले. समोर एक मुलगी कपाटातली पुस्तकं बघते आहे. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली.

"दादा, इथे सगळे घरीच येतात रे," ती म्हणते.

"म्हणजे?"

"राजा घरी, राजपुत्र घरी. राक्षससुद्धा घरी. बाहेर कुणी राहतच नाही."

ही कुमुद. मास्तरांची धाकटी बहीण, सातव्या वर्षी तापाने गेलेली. त्याला चौसष्ट वर्षं झाली. मास्तरांना नवल वाटत नाही, फक्त संकोच वाटतो. आपण एवढे म्हातारे झालेलो. हिने आपल्याला ओळखलं तरी कसं?

"टक्कल पडलंय तुला," ती म्हणते.

"पडलं खरं."

"बरं, वाच आता."

माजघरात दुपारचाच अंधार आहे. कुमुद गोधडीखाली, कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी. मास्तर बारा वर्षांचे आहेत, पण हात म्हातारेच, शिरा वर आलेल्या. ते वाचतात. लग्नघरी भांडी कमी पडली की आदल्या संध्याकाळी डोहाच्या काठी हळद लावलेली सुपारी ठेवायची आणि हात जोडून मागायचं. सकाळी काठावर भांडी लखलखत असायची. लग्न उरकलं की घासूनपुसून पाण्यात परत सोडायची. एकदा एका बापाने त्यातली एक चिमुकली वाटी ठेवून घेतली. त्याच्या लेकीला ती आवडली होती. त्या दिवसापासून पाणी चढू लागलं. अंगणात आलं, पायरीवर आलं.

"मग?"

"मग ती मुलगी उठली. वाटी घेतली आणि डोहाकडे निघाली."

"मग?"

पुढचं पान मास्तरांच्या बोटांत आहे. तेव्हा त्यांनी ते एकट्यानेच चोरून पाहिलं होतं: काळं पाणी, पाण्याबाहेर एक लहान हात, हातात वाटी. कुमुदचं अंग तापाने फणफणलं होतं. त्यांनी पुस्तक मिटलं होतं.

"मग तिने वाटी दिली आणि ती घरी आली," ते आताही तेच म्हणतात. जीभ तशीच वळते. "संपली."

"खोटं. अजून एक पान आहे. तेव्हाही दिसत होतं मला."

गोधडी ओली आहे. जमिनीवर पाणी आहे, बालविभागातली बाकं त्यावर डुलताहेत. बाकांखाली पायऱ्या, पायऱ्यांखाली डोह. कुमुद खालच्या पायरीवर उभी आहे. मुठीत हळद लावलेली सुपारी.

"तिसऱ्या दिवशी मीपण गेले ना," ती म्हणते. आवाजात रुसवा नाही. "तू म्हणालास, ती घरी आली. मला वाटलं, सगळ्याच येतात. मग मीच कशी नाही आले? माझं काही चुकलं का रे, दादा?"

हिला भीतीपासून आपण वाचवलं, एवढं एकच पुण्य आपल्या गाठीला आहे, असं ते आजवर धरून चालले होते.

"नाही कुमे," ते म्हणतात. "तुझं काही नाही चुकलं. तीही परत आली नाही."

"एकटीच गेली?"

"एकटीच. पण तिने वाटी नेली म्हणून पाणी उतरलं."

"मग हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं तुला? त्या बापाने वाटी ठेवून घेतली, तू पान ठेवून घेतलंस. आण इकडे."

पाणी मास्तरांच्या कमरेला लागतं. ते पुस्तक वर धरतात. कुमुद पिवळ्या बोटाने पान उलटते आणि बघत राहते. कितीतरी वेळ नुसती बघत राहते.

"अय्या," ती हळूच म्हणते. "वाटी कशी घट्ट धरलीय बघ तिने."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण आता आम्ही दोघी आहोत." ती एक पायरी खाली उतरते. "घाबरट कुठला!"

मास्तर हात पुढे करतात. हाताला गार पाणी लागतं. नुसतं पाणी.

फोन वाजतो आहे. वीज गेलेली, पंखा थांबलेला. मांडीवर दुसरं पुस्तक उघडं पडलं आहे, शेवटच्या पानावर.

"काका, ठरलं का?" सुवर्णा विचारते.

"ठरलं. ते दुसरं घ्या."

"अहो, त्यात तो पाण्यातला हात आहे ना? तुम्ही तर असलं कधी..."

"आहे. म्हणूनच घ्या." मास्तर उघडं पुस्तक जवळ ओढतात. "एखाद्या पोराला त्याची गरज असते. आणि तशीही ही प्रत आता परत जायची नाही. डाग पडलाय."

"काका! कशाचा?"

पानाच्या कोपऱ्यात बोटाचा पिवळा ठसा आहे. दुपारी वरणभात खाल्ला, हात नीट धुतले नसतील. आपलंच वेंधळेपण, दुसरं काय. मास्तर अंगठा ठशावर ठेवून बघतात. ठसा पार झाकून जातो. मग तर्जनी. मग करंगळी. तिच्याखालीही तो दिसेनासा होतो.

"हळदीचा," ते फोनवर म्हणतात आणि करंगळी उचलतात. करंगळी पिवळी झाली आहे. ठसा अजून ओला आहे.