हेन्रीच्या बाराचा आवाज

आमच्या राहू गावच्या लोकांना देवाने कान दिले, डोळे द्यायचे राहून गेले. नाहीतर केडगावच्या हेन्री साळव्यांसारख्या माणसावर ही वेळ आली नसती.

हेन्रीमामा विहिरींत सुरुंग लावतात. फुटलेला दगड उपसायची क्रेन माझी, म्हणून कुणाचा बार कसा हे मला तळात कळतं. जुनी काळी दारू दगडाला सावकाश रेटते, मोठे चिरे सुटतात. खताची दारू स्वस्त, पण ओल लागली की फुसकी. पाणी लागलेल्या काळ्या पाषाणाला जिलेटिनच्या कांड्याच हव्यात. मामा दगडातल्या भोकात कांड्या सारून वर माती अशी गच्च ठासायचे की सगळा जोर दगडातच जिरायचा. वर नुसता 'धप्प' आवाज, आणि तळाचा भुगा.

तो 'धप्प'च त्यांना नडला. शिक्रापूरकडून भैरू नावाचा दुसरा सुरुंगवाला आला. कांड्या त्याच, पण माती नावाला. निम्मा जोर हवेत जायचा, कानठळ्या बसायच्या, लोक खूश! "हेन्रीच्या बारात दम न्हाई ऱ्हायला," असं पारावर ठरलं. वर्षभर मामांना कुणी बोलावलं नाही. ते हसण्यावारी न्यायचे. त्यांची बायको दयाबाई हसत नव्हती; चूल तिला पेटवायची होती.

शेवटी गावातल्या दत्ताने आपल्या विहिरीसाठी बोलावलं, ते अट घालूनच. "मामा, आवाज पार केडगाव टेसनापत्तूर गेला पायजे."

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा माती कमी ठासली. मी ते बघितलं, आणि क्रेन तेवढी लांब नेऊन उभी केली.

दणका असा बसला की झाडावरची पाखरं उठली. दगड उडून शेजारच्या झुंबरबाईच्या गोठ्याचा पत्रा फुटला, शेळी जागीच गेली. मी विहिरीत उतरलो. तळाला नुसते ओरखडे. वर येऊन सांगितलं, तर दत्ता म्हणाला, "त्ये बघू रं मागनं. बार काय झाला!" आणि त्याने मामांना फेटा बांधला.

फेटा काखोटीला मारून मामा झुंबरबाईची माफी मागायला गेले. मीही गेलो. म्हातारी आई-माई उद्धरेल अशी मला आशा होती. गावात एकाने तरी मामांना फैलावर घ्यावं, असं फार वाटत होतं.

"शेळीचं जाऊ द्या, हेन्रीमामा," ती म्हणाली. "आमची हीर कवा करताय? बार आस्साच पायजे, बरं का."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"करू की, मावशी," ते म्हणाले. "आस्साच करू."