साडूभाऊंचे गोल्डफिश

आमच्या साडूभाऊंइतका वाईट दुकानदार अख्ख्या खालापूर तालुक्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. तसे ते रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला. पण चौकला घरामागच्या पडवीत त्यांनी शोभेच्या माशांच्या टाक्या मांडल्या होत्या, दारावर ‘रंगीत मासे मिळतील’ अशी पाटी होती, आणि त्या पाटीवर विसंबून जो आत शिरे तो थोड्या वेळाने घाम पुसत रिकाम्या हाताने बाहेर येई. लेकीचं स्थळ बघणारा बाप करणार नाही इतकी यांची चौकशी. टाकी केवढी? पाणी नळाचं की विहिरीचं? गावाला गेलात तर खायला कोण घालणार? घरात मांजर आहे? नाही? मग शेजाऱ्यांकडे आहे का? शेलूच्या नव्या बिल्डिंगमधून एक हौशी जोडपं आलं होतं. त्यांना पडद्याला मॅच होईल असा निळा फायटर मासा हवा होता, काचेच्या छोट्या बरणीत ठेवायला. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, “बरनीत लोनचं ठेवा. फायटरला टाकी लागते. आन् मॅचिंगच पायजे तर पडदा बदला.”

चुकून विक्री झालीच, तर खरा त्रास त्यानंतर सुरू व्हायचा. हायवेवरच्या एका ढाबेवाल्याने गल्ल्यावर ठेवायला गप्पी मासे नेले. साडूभाऊ ड्यूटीवरून येताना रोज तिथे उतरायचे, एक चहा मागवायचे आणि टाकीसमोर बसून ढाबेवाल्याकडे संशयाने बघायचे. शेवटी एके दिवशी “चार दिस हवापालटाला नेतो” म्हणून ते मासे उचलून आणले, ते परत दिलेच नाहीत. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, “आमचं दुकान नाय, सासुरवाशिणींचं माहेर हाय.”

यात विसंगती नव्हती असं नाही. साडूभाऊंना तळलेले बोंबील जीव की प्राण. पण ताट घेऊन ते पार अंगणात, टाक्यांकडे पाठ करून बसायचे. “त्यांच्यासमोर खानं बरं दिसत नाय,” म्हणायचे. बाजारात फुगीर पोटाचे, धड पोहता न येणारे मासे मुद्दाम पैदा करून विकतात, त्यावर तर त्यांचा फार राग. “मानसाला गंमत वाटती म्हनून ह्याचा कना वाकडा करून जल्माला घालायचा?” मी एकदा सहज म्हटलं, “पण साडूभाऊ, पिल्लं तर तुम्हीही काढता.” ते जाळी धुवायला लागले. मग म्हणाले, “मी चांगल्या घरी देतो.”

त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलं कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, थोडे गोल्डफिश दे, तिथल्या हौदात सोडू.” साडूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदाच एकही प्रश्न विचारला नाही. सख्खा भाऊ, सख्खी पुतणी! उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून भरवत वाढवलेली ती पिल्लं त्यांनी आदल्या दिवशी टेंपोवाल्याला दहा सूचना देऊन हवाली केली.

लग्नाच्या सकाळी आम्ही मांडवात शिरलो. हौद कोरडाच होता. डेकोरेशनवाल्याने प्रत्येक टेबलावर उंच दांडीचा काचेचा पेला ठेवला होता, खाली निळा दिवा आणि आत एकेक गोल्डफिश. आमच्या शेजारी बसलेल्या, मुलाकडच्या एका जाडजूड पाहुण्यांनी नाश्ता आटोपून आपली बोटं शांतपणे त्या पेल्यात बुचकळली आणि रुमालाला पुसत म्हणाले, “लिंबू टाकायला विसरलेत.” पलीकडच्या आजीबाई आपल्या माशाला प्रेमाने बुंदी भरवत होत्या. साडूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. ते भावाला गाठायला उठणार एवढ्यात लग्न लावायला भन्तेजी आले आणि सगळे हात जोडून उभे राहिले.

त्रिसरण झालं. पंचशील सुरू झालं. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. साडूभाऊंचा आवाज नेहमी सगळ्यांत खडा. तो मध्येच थांबला. समोरच्या पेल्यातला मासा पाण्याच्या वर तोंड काढून भराभरा उघडमीट करत होता. मांडव दुसऱ्या शीलावर गेला तेव्हा साडूभाऊ दोन्ही हातांत दोन पेले घेऊन निघाले होते.

“दादा, लगीन तरी लागू दे!” भाऊ धावत आला.

“लगीन लागंल रं! पन ह्यांना दम लागलाय!”

नवऱ्या मुलाचे वडील ताडकन उठले. “हा काय प्रकार आहे? आमच्या पाहुण्यांसमोर?” क्षणभर मला वाटलं, मोडलं लग्न. भन्तेजी सौम्यपणे म्हणाले, “करू द्या त्यांना. आपण आत्ता जे म्हटलं, तेच ते करतायत.” तेवढ्यात स्टेजवरून पांढऱ्या साडीतली नवरी म्हणाली, “काका, आमच्या टेबलावरचा पन घ्या.”

मग जे सुरू झालं ते सांगून खरं वाटणार नाही. अख्खा मांडव पेले घेऊन धावायला लागला. एकजण स्विमिंग पूलकडे निघाला. “त्यात औषध हाय!” साडूभाऊ किंचाळले. दुसरा म्हणाला, नदीत सोडू. “नदीतल्या माशांनी काय पाप केलंय? हे परके वाढले की त्यांच्या तोंडचं खातील!” आचाऱ्याने सर्वांत मोठं पातेलं दिलं, ते साबणाने धुवायला निघालेल्या बाईला साडूभाऊंनी हात जोडून थांबवलं. विहिरीचं पाणी शेंदायला खुद्द नवरदेव सुटाच्या बाह्या सरसावून गेला. लिंबूवाले पाहुणे तर इतके ओशाळले होते की आपला पेला दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून, नव्या नवरीच्या पावलांनी चालत आले. “हळू वता, हळू! पान्याची वळख होऊ द्या!” असा साडूभाऊंचा गजर चालला होता. लग्न लागलं, वधूवरांवर फुलं उधळली गेली, तेव्हा भिजलेल्या शर्टातला हा काका पातेल्यावर पालथा पडून एकेक पाकळी अंगावर झेलत होता.

चौकला परत येईपर्यंत त्यातले बरेच मासे उलटे होऊन वर आले होते. साडूभाऊंनी ते कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले आणि हात न धुताच पायरीवर बसले. “सख्ख्या घरी दिले हुते रं,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. यापुढे विक्री नाही, पैदासही नाही. नर वेगळे, माद्या वेगळ्या. गप्पींना हे मान्य नव्हतं. नर वेगळे काढल्यावरही, आधीच्याच संगावर, माद्यांना महिनोन्महिने पिल्लं होत राहिली, आणि साडूभाऊ कपाळाला हात लावून नवीन टाकी आणत राहिले. पण हळूहळू तेही थांबलं. मासे आपापलं आयुष्य जगून गेले. एकेक टाकी रिकामी झाली, ताईने धुऊन पालथी घातली.

परवा गेलो तेव्हा एकच टाकी भरलेली होती. आत एक म्हातारा गोल्डफिश, रंग उडून जवळजवळ पांढरा झालेला. साडूभाऊही आता रिटायर झालेत. त्यांनी काचेवर बोट टेकवलं, तसा तो सावकाश वर आला आणि बोटासमोर थांबला.

“आणखी एखादा आणा की सोबतीला,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “नगं. जल्माला घालनं लय सोपं असतं.” मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, “पन ह्यो गेला की सकाळी उटून कुनाकडं जाऊ रं मी?”