गफूर मार्कर आणि दोन चाकं

गफूर माझ्या दारात आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "जीवराम, चल. तुले एक मशीन दाखाडस. दोन चाकं शेतस, पट्टा नही, आणि चेंडू फेकस."

"फिरवतं कोण?"

"बॅटरी."

मी चपला घातल्या. जामनेर रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढली. मी गाठी बांधायच्या प्रेसवर होतो, गफूर यंत्रं फिरवणाऱ्या पट्ट्यांवर. चाक आणि पट्टा यांचं काही नवीन निघालं की तो मला सांगायला येतो, मीही त्याला सांगायला जातो. दोघंही आता जिनिंगमधून सुटलो आहोत, पण ही सवय सुटलेली नाही.

गफूरचं दुसरंही एक काम होतं, ते अजून चालू आहे. सकाळी जिनिंगला यायच्या आधी तो जळगावातल्या एका टेनिस क्लबवर मार्कर म्हणून जायचा. मार्कर म्हणजे सभासदांना चेंडू देणारा माणूस. त्याने जिंकायचं नाही आणि हरायचंही नाही. समोरच्याला सरावाला हवा तसा चेंडू पाठवत राहायचा. शिवाय कोर्ट सांभाळायचं. तिथलं कोर्ट मातीचं आहे. शेण-माती कालवून ते सारवायचं, वाळलं की रूळ ओढायचा, मग चुन्याच्या रेघा. रूळ ओढायला दोघं लागतात, गफूर एकटा ओढायचा. हे काम उरकून तो सायकलवर जिनिंगला यायचा आणि आमच्या आधी पट्टे तपासून ठेवायचा. कामात त्याने कधी हात राखला नाही. त्यामुळेच बहुतेक खांदा गेला.

आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना त्याची बायको सुगराबी बाही धरते. चेंडू द्यायचा तर तो जाळीच्या आधीच पडतो. क्लबचे सेक्रेटरी शालिग्राम सर, कॉलेजातून निवृत्त झालेले, बोलायला सरळ माणूस. त्यांनी गफूरला समोर बसवून सांगितलं होतं, "एक मशीन पाहायला आणलंय. पसंत पडलं तर ठेवू, आणि ते सांभाळायला तू राहशील. नाही पडलं तर परत जाईल, आणि मग हात चालणारा मार्कर बघावा लागेल. रविवारी सगळे सभासद बघतील आणि ठरवतील."

गफूरने हे मला रस्त्यात सांगितलं. मी म्हणालो, "म्हणजे मशीनचं चाललं तर तुझं चाललं."

"हां. तेच तर म्हणतो, नीट देख आणि सांग, कसं शे ते."

मशीन पाहिलं. मोठ्या पेटीएवढं, खाली चाकं, वर चेंडूंची टोपली. टोपलीतून एकेक चेंडू खाली उतरतो आणि दोन रबरी चाकांच्या मधे जातो. एक चाक वर, एक खाली, दोन्ही उलट दिशांनी फिरतात. चेंडू मधे सापडला की सुटतो तो थेट पलीकडे. मी वाकून बराच वेळ बघत राहिलो. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई सुटताना पाहिली होती, पण चाकांनी वस्तू पकडायची ती फेकून देण्यासाठी, हे नवीन होतं.

गफूरने रिमोट दाबून दाखवलं. वरचं चाक जास्त जोरात फिरवलं की चेंडू जाळी ओलांडून एकदम खाली बसतो आणि टप्पा घेऊन उसळतो. खालचं जोरात फिरवलं की चेंडू तरंगत येतो आणि टप्प्यानंतर उठतच नाही. मशीनचं तोंड आपलं आपण डावीउजवीकडे वळतं. पुढचा चेंडू कुठे येणार, हे समोरच्याला कळू नये अशीही सोय आहे.

"हे तू हाताने करायचास?" मी विचारलं.

"बठ्ठं, सगळंच. फक्त मला दम लागायचा."

मग त्याने त्याची काळजी दाखवली. काही चेंडू पूर्ण जोराने जात होते, काही मधेच मरत होते. कोर्टची माती चेंडूंच्या लोकरीत बसते, ती चाकांवर उतरते, आणि चाकं गुळगुळीत होतात. गफूर म्हणाला, "पकड सुटी ऱ्हायनी." मला ते पटलं. यापुढे काय करायचं हे त्याने मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

रविवारी मी गेलो तेव्हा कोर्टाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. बँकेत अधिकारी असलेल्या दिपमालाताई रॅकेट घेऊन पलीकडे उभ्या राहिल्या. गफूरने बटण दाबलं. पहिला चेंडू त्यांच्या डोक्यावरून, मागच्या जाळीवरून, शेजारच्या गच्चीवर गेला. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांजवळून एक बाई ओरडली. दुसरा चेंडू मशीनच्या पायाशीच पडला. तिसरा कोणाच्या तरी चहात पडता पडता राहिला.

"सर, हे मशीन टेनिसचं की दिवाळीचं?" एक सभासद म्हणाला. सगळे हसले.

शालिग्राम सर हसले नाहीत. "आपल्या मातीला हे चालणारं नाही. परत पाठवू."

गफूर मशीनजवळ उभा होता. मी त्याच्याकडे पाहत होतो. मशीन परत गेलं तर त्याचं काय होणार हे त्याला ठाऊक होतं, पण तो काय विचार करतोय ते कळेना. मग तो पुढे आला.

"सर, मशीन बरोबर आहे. मी राळ लावली."

"काय लावली?"

"राळ. काल, चाकांना."

सर माझ्याकडे वळले, कारण मी त्याचा जिनिंगमधला जोडीदार. मला सांगावं लागलं. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. जिनिंगमध्ये पट्टा चाकावरून घसरायला लागला की त्याच्यावर राळेचा खडा घासतात, पट्टा लगेच पकड घेतो. गफूरने आयुष्यभर हेच केलं होतं. पण पट्ट्याने चाकाला धरून राहायचं असतं, चेंडूने चाकाला सोडायचं असतं. राळेने चेंडू उशिरा सुटत होता. जो जास्त चिकटला तो खाली पडला, जो जादा पकड मिळून सुटला तो गच्चीवर गेला.

"न विचारता लावलीस?" सर म्हणाले.

"हो."

"परक्या मशीनला?"

"हो, सर."

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "उतरेल का ती?"

"उतरवतो."

आम्ही मशीन कडुनिंबाखाली नेलं. बॅटरी काढली. मी म्हणालो, सुरीने खरवडू. गफूरने हात धरला. रबरावर चरा पडला तर चेंडू कायमचा वाकडा जाईल. बाटलीभर स्पिरिट आणून त्याने सुती धोतराच्या चिंध्या केल्या. मी चाक हळूहळू फिरवायचो, तो पुसायचा. राळ, माती आणि चेंडूची लोकर यांचा काळा थर जमला होता. तो एका पुसण्यात निघणारा नव्हता. डाव्या हाताने पुसत होता. उजवा फक्त टेकलेला. मधे सुगराबी डबा घेऊन आली आणि उभी राहून बघत राहिली.

"घरचा पंखा कुईकुई करतो, त्याला कधी हात लावला नाही," ती मला म्हणाली. "इथं मात्र राळ लावायला धावले, भाऊ."

"पंखा चालतो ना?" गफूर चाकातून मान न काढता म्हणाला.

"चालतो. तुम्ही लावली नाही म्हणून."

शेवटी कोरडं फडकं चाकावरून फिरवलं तेव्हा त्याच्यावर डाग उठला नाही. मग गफूरने चेंडूही एकेक करून झटकले, पोत्यावर घासले. मी विचारलं, "गप्प का नाही बसलास? मशीन बिघडलं असं म्हणून सगळे घरी गेले असते."

"मग ते मशीन गेलं असतं, मना संगे." त्याने पुढचा चेंडू उचलला. "आणि बनवणाऱ्याला वाटलं असतं, त्याचंच चुकलं."

सभासद बरेचसे निघून गेले होते. सर बसून होते, दिपमालाताई थांबल्या होत्या. गफूरने मशीन परत जागेवर लावलं. चेंडू जाळीवरून गेला, रेघेच्या आत पडला. पुढचा त्याच्याच जवळ. त्याच्यापुढचाही. दिपमालाताई मारत राहिल्या आणि काही वेळाने घाम पुसत म्हणाल्या, "सर, मला हे चालेल."

सर उठून मशीनपर्यंत आले. चाकांकडे वाकून पाहिलं.

"यापुढे काही लावायचं झालं तर?"

"विचारीन."

"कोणाला, मला?"

"तुम्हाला काय कळणार, सर. ज्याने बनवलं त्याला फोन करीन."

दिपमालाताईंना हसू आलं. मग सरांनाही आलं. त्यांनी खुर्चीवरची आपली पिशवी उचलली. "उद्या सकाळी सहाला लावून ठेव. पहिला मी येतो," असं म्हणून ते फाटकाकडे गेले.

गफूरने टोपलीत चेंडू भरले. रिमोट डाव्या हातात घेतला आणि पलीकडे बघून विचारलं, "ताई, कोणत्या बाजूला देऊ?"