तळाला गेलेलं जॅकेट

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. वर्दी मी स्वेच्छेने, वेळेआधी उतरवली. पण मावळातल्या त्या जलाशयावर कुणाच्या अंगात नारिंगी जॅकेट दिसलं की अजूनही थांबतो आणि विचारतो, "हे पाण्यात टाकून बघितलंय का कुणी?" लोकांना मी विक्षिप्त वाटतो. वाटू दे.

या हकिगतीत नावं कुणाचीच देणार नाही. एकाचं द्यायला हात शिवशिवतात, पण खटला कोर्टात आहे.

मावळात बदली होण्यापूर्वी मी एका मोठ्या शहराच्या बंदरात, सागरी पोलीस पथकात होतो. बंदरातली गस्त म्हणजे सुसाट बोट आणि काळा चष्मा, असा लोकांचा समज असतो. खरी गस्त बोट बंद करून होते. इंजिन बंद करायचं, बोट लाटेवर सोडायची आणि ऐकायचं. समोरून येणारी होडी पाण्यात किती बसली आहे ते बघायचं. जाताना हलकी गेलेली होडी येताना जड दिसते आणि मासळीचा वास येत नाही, मग तिला थांबवायचं. माणसं मोजायची, कागद तपासायचे. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, रोज तेच. त्या कंटाळवाण्या कामाचा मला आजही अभिमान आहे, कारण बंदर त्यावर सुरक्षित राहतं.

आणि या सगळ्याच्या आधी, रोज सकाळी एक काम. पथकातलं प्रत्येक जॅकेट वाळूची पिशवी बांधून धक्क्यावरून पाण्यात टाकायचं. आमचा चहा होईपर्यंत ते तरंगलं पाहिजे. जे बुडेल ते तिथेच फाडायचं, म्हणजे चुकूनही कुणी परत खुंटीला अडकवणार नाही. आमचे जुने तांडेल, म्हणजे बोटीवरचे मुख्य खलाशी, म्हणायचे, "आधी त्याला पोहू दे, मग आपण बघू."

मावळातल्या माझ्या ठाण्याच्या हद्दीत धरणाचा जलाशय होता. काठावर तंबूच तंबू. शनिवारी कामशेतपासून गाड्यांची रांग. दर मोसमात कुणीतरी बुडायचं, म्हणून अखेर ठाण्याला एक बोट मिळाली. तिच्यावर एक हवालदार, एक शिपाई आणि सुकाणूवर एक महिला शिपाई. मी पहिल्याच दिवशी बंदराची कवायत लावली. हवालदार वराळ्याचे, तोंडाने फटकळ.

"साहेब, हितं काय दर्या हाय का? उद्या बेडकाला पण जाकीट घालाल."

"बेडूक पोहतो, हवालदार. तुम्ही पोहता का?"

"न्हाई."

"मग टाका पाण्यात."

महिनाभरात तेच इतरांवर खेकसायला लागले. दोन जॅकेटं त्यांनी स्वतः फाडली.

आणि मग एका रविवारी संध्याकाळी वारा सुटला, आणि एका कॅम्पची छोटी होडी उलटली. होडीत दोघंच. एक पुण्याहून आलेला तरुण पर्यटक आणि होडी चालवणारा काठावरच्या गावातला पोरगा. नावाडी पोहत काठाला लागला. पर्यटक सापडला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही शोधलं. सकाळी आमची बोट पोचायच्या आत कॅम्पचालकाच्या माणसांनी मृतदेह काठावर आणून ठेवला होता. अंगावर जॅकेट नव्हतं.

कॅम्पचालकाचा जबाब तयारच होता. "पाटी लावलीय साहेब, जॅकेट सक्तीचं. आमची जॅकेटं खुंटीला कोरडी आहेत, बघा. या पोरानं तसंच बसवलं. आणि पाहुणाही जरा फोटोच्या नादातला होता."

पोरगा एकच वाक्य धरून होता. "मी त्याला घातलं होतं सर. बक्कल मीच लावलं." त्यानंतर तो फक्त रडला. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. जामीन मिळाला, पण पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे बेडशाच्या रस्त्यावर धावायचा, दुपारी होडी चालवायचा. अंगावर असा गुन्हा आला की भरती विसरायची. त्याचे वडील ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायचे. "आमचं पोरगं खोटं बोलत न्हाई साहेब. लय झालं तर गप बसंल."

मृताचे वडील तळेगावात राहणारे, निवृत्त शिक्षक. त्यांनी मला एवढंच विचारलं, "माझा मुलगा इतका बेफिकीर होता?" वर्तमानपत्रात मात्र छापून आलं होतं: अतिउत्साही पर्यटकाचा मृत्यू. बघा! मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही, म्हणून दोष त्याच्यावर टाकणं सर्वांत सोपं.

खबर कुणी दिली म्हणाल, तर कुणीच नाही. आली ती तक्रार. भात निघालं की जलाशयात जाळं टाकणारे एक आबा ठाण्यात आले. खांद्यावर फाटलेलं जाळं.

"हे कॅम्पवाले समदा कचरा पान्यात टाकत्यात. माझं जाळं फाटलं. कोन भरून देनार?"

"काय अडकलं आबा?"

"जाकीट. तळाला चिखलात रुतलेलं. वढता वढता दम गेला."

ठाणे अंमलदार हसला. मी हसलो नाही, आणि हवालदारही हसले नाहीत. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हवालदार हळूच म्हणाले, "आबा, जाकीट तळाला कसं असंल वो?"

जॅकेटाची जागा वर, पाण्यावर. तळातून जाळ्यात येतं ते जॅकेट नव्हेच.

आबांच्या अंगणात ते पडलं होतं, पंचनामा करून ताब्यात घेतलं. पाठीवर कॅम्पचं नाव. बक्कल बंद, जशी घालताना लावतात तशी. आणि पट्टे सुरीने कापलेले. बुडणारा माणूस पट्टे कापत बसत नाही. ते कापले मृतदेह वर काढणाऱ्यांनी.

कॅम्पचालकाला चौकशीला बोलावलं. हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. सराईत माणूस आरडाओरड्याला सरावलेला असतो, शांतपणाला नाही. ते जॅकेट टेबलावर ठेवलं. तो खुर्चीत मागे सरकला.

"घाबरलो साहेब. बॉडीवर होतं. काढलं आणि दिलं फेकून."

"कुठे?"

"तिथंच, पाण्यात."

"जॅकेट लपवायचं, आणि पाण्यात टाकलंत?"

"हो, म्हणजे..."

"तरंगत काठाला आलं असतं तर?"

जॅकेट लपवायला जो पाण्यात टाकतो, त्याला ते बुडतं हे आधीपासून ठाऊक असतं. ठाऊक असून तो ते माणसांना घालत होता. तो पुटपुटला, "सगळेच अशीच जॅकेटं वापरतात साहेब. मीच एकटा आहे का?"

पोलिसांपुढचं बोलणं कोर्टात टिकत नाही, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून साक्ष द्यायला पाणीच बोलावलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पंचांसमोर, चित्रीकरण करत, त्याच्या खुंटीवरची सगळी जॅकेटं वाळूच्या पिशव्या बांधून जलाशयात सोडली. शेजारी आमच्या बोटीवरची. आमची तरंगत राहिली. त्याची एकेक करत पाणी पीत गेली. आत तरंगणारा फोम नव्हताच, सामान गुंडाळतात तो स्वस्त स्पंज! काठावर अख्खं गाव उभं होतं. सुकाणूवरची आमची शिपाई कॅमेरा न हलवता म्हणाली, "सर, आपलं एकही नाही बुडालं." त्या वाक्याइतकं मोठं पदक मला नोकरीत मिळालं नाही.

सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणं, अशी कलमं कॅम्पचालकावर लागली. पोराचं नाव आरोपींतून वगळलं गेलं, आता तो मुख्य साक्षीदार आहे. यंदा भरतीच्या मैदानात पुन्हा उतरलाय.

काठावरचे बाकीचे कॅम्प? आठवडाभर बंद, मग पाट्या रंगवून पुन्हा सुरू. याला पर्यटन म्हणतात! म्हणूनच मी आता शनिवारी काठावर पत्रकं वाटतो. त्यावर एकच ओळ आहे: जॅकेट अंगात घालण्याआधी पाण्यात टाका.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. नियमाची पाटी वाचून माणूस वाचत नाही. तो वाचतो रोज सकाळी कुणीतरी कंटाळा न करता केलेल्या कामाने. माझ्या त्या तिघांनी ते केलं, म्हणून जाळ्यात काय आलं ते त्यांना कळलं.

आरोपपत्र कोर्टात गेलं त्या दिवशी मृताचे वडील, ते शिक्षक, ठाण्यात आले. तो पोरगा पुरवणी जबाबासाठी बसलेला होता. ते त्याच्यासमोर उभे राहिले. मी मधे पडायच्या तयारीत होतो.

"त्यानं घातलं होतं ना रे?"

"व्हय काका. मी म्हनायच्या आधीच मागून घेतलं त्यानं."

शिक्षकांनी मान हलवली. मग त्याच्याच बाकावर, त्याच्या शेजारी जागा करून बसले.