तुळसाबाईची चुन्याची रेघ

नागपुरातल्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथल्या नवजात बाळांच्या खोलीवर खरं राज्य डॉक्टरांचं नव्हतं, आया तुळसाबाईचं होतं. १९८४च्या आसपासची गोष्ट. गर्भारपणात बाईचं प्रेशर वाढलं, अंगावर सूज आली, की कधीकधी बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी निघत. डॉक्टरांनी तुळसाबाईला समजावलं होतं, "या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. चार-पाच दिवसांत नवी भरती होते. तोवर बाळाला बाहेरच्यांचा हात लागू द्यायचा नाही."

तिनं ते भलतंच मनावर घेतलं. दाराशी चुन्याची रेघ ओढली आणि स्टूल टाकून बसली. काजळाची डबी, मधाचं बोट, कुणाच्या सावनेरच्या मावशीनं आणलेला ताईत, सगळं रेघेबाहेर. कामठीचे एक रिटायर सुभेदार मिशीला पीळ देत नातू पाहायला आले.

"मी दोन लढाया लढलोय!"

"मंग तं तुमाले ठाऊकच असन जी, पहाऱ्यावरच्या शिपायाचं आयकावं लागते."

सुभेदार गुमान बाकावर बसले. हात न धुता आत शिरले म्हणून मीही तिची बोलणी खाल्ली आहेत, आणि मला अजून त्याचा राग आहे.

मग तिचीच लेक प्रेमिला आमच्याकडे बाळंत झाली. तेच प्रेशर, तीच सूज, आणि नातीच्या पेशी कमी. तुळसाबाईनं रजा घेतली. तिच्या जागी स्टुलावर दुसरी आया अंजनाबाई बसली.

"सरक वं, नात पाहू दे."

"ड्युटीवर नाही, तं तू नातेवाईक. रेघेबाहेर!"

"मी का परकी आहो? एक बोट लावू दे फक्त!"

इतकी वर्षं लोकांची ऐकलेली सगळी आर्जवं तिनं करून पाहिली. कनवटीला काजळाची डबीसुद्धा सापडली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते उगीच नाही. मी मनसोक्त हसले. मग ती बाकावर बसून पदरात तोंड घालून रडली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला, पेशी वाढल्या होत्या. डॉक्टर स्वतः बाहेर आले. "चला तुळसाबाई, नात घ्या मांडीवर."

ती धावतच रेघेपाशी आली आणि सणसणीत शिंकली. मग एक पाऊल मागे गेली.

"पडसं झालं जी मले. अंजना, मी किती बी हात जोडले तरी सोडू नको."

लोकांच्या पायांनी रेघ पुसट झाली होती. तुळसाबाईनं वाटीत चुना कालवला आणि नाक ओढत, बाहेरच्या बाजूला बसून तीच रेघ पुन्हा ओढली.