चांगले नमुने

तिला आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण विद्यापीठात ते दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे तिला भिंगरी म्हणत, आणि तेही फार पाठीमागे नव्हे. पायाला भिंगरी लावलेली माणसं पुष्कळ असतात. हिची भिंगरी डोक्यात होती, पाय बिचारे तिच्यामागून पळत. खुर्चीवर बूड टेकलंच तर काठावर. फोनवर बोलायची ते जिन्यात, जेवायची ते उभ्यानं, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा शेवट स्वतःच करून टाकायची. बहुतेक वेळा तो शेवट बरोबरही असायचा, हीच खरी पंचाईत.

हुद्दा होता प्रकल्प व्यवस्थापक. माणसांत जसे अतिमहत्त्वाचे लोक असतात, तशी दगडांतही अतिमहत्त्वाची खनिजं असतात. त्यांच्यावाचून मोबाइल चालत नाही, विजेवरची गाडी हलत नाही, आणि हल्ली सगळ्या जगाचा डोळा त्यांच्यावर आहे. भिंगरीच्या प्रकल्पाला हवं होतं लिथियम. एक जुनी खाण होती. तिथला पांढरा दगड कपबश्या आणि फरश्यांच्या कारखान्यांना जायचा, आणि बाकीचा माल नको म्हणून खाणीबाहेर फेकला जायचा. तीन पिढ्यांनी फेकून फेकून त्याची टेकडी झाली होती. त्या टेकडीत जांभळट चकाकीचा अभ्रक होता, आणि त्या अभ्रकात लिथियम. ते किती आहे आणि काढायचं कसं, हे विद्यापीठानं शोधायचं. दगड खाणवाल्यांनी द्यायचे. आणि जमलंच तर कारखाना बॅटरीवाल्यांनी उभारायचा. असा तिघांचा संसार.

संसार तिघांचा असला की भांडी तिप्पट वाजतात. प्राध्यापकांचं 'लवकरच' म्हणजे पुढच्या वर्षी, बॅटरीवाल्यांचं 'लवकरच' म्हणजे दुपारच्या जेवणाआधी, आणि खाणवाल्यांचं 'लवकरच' म्हणजे तुम्ही फोन ठेवा आता. दोन घरांचं जमवून देणाऱ्या मध्यस्थासारखी भिंगरी इकडचं तिकडे करताना मधले काटे काढून टाकायची. एका शब्दाचे तीन अर्थ सांभाळायचे, हेच तिचं काम. आणि नेमकी तिथंच ती घसरली.

पण ते कळायच्या आधी आनंदीआनंद होता. प्रयोगशाळेत दगड भाजून, कुटून, विरघळवून बघणारी एक संशोधक होती. दिवसभर भट्टीपाशी उभी असायची म्हणून तिला भट्टीवाली म्हणत. तिनं आकडे आणले ते बघून सरांनी चष्मा पुसून परत घातला. सर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. रसायनशास्त्रात सगळा जन्म गेलेला, निवृत्ती तोंडावर आलेली, आणि इतक्या वर्षांत एकही प्रयोग विद्यापीठाच्या फाटकाबाहेर गेला नाही ही खंत उराशी धरून बसलेले. ढिगाऱ्यात जेवढं लिथियम असेल असं वाटलं होतं, त्याच्या तिप्पट निघालं होतं.

"शितावरून भाताची परीक्षा!" सर म्हणाले. "झाला आपला दुसरा टप्पा!"

दुसरा टप्पा म्हणजे सगळंच. पहिल्या टप्प्याची मुदत सरत आली होती. बॅटरीवाल्यांनी शुक्रवारच्या बैठकीत सही केली तर भट्टीवालीची, तिच्या दोन मदतनिसांची आणि भिंगरीची नोकरी राहणार होती. नाही केली, तर महिनाअखेर सगळ्यांना रामराम.

सगळे खुशीत होते आणि भिंगरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. का, ते तिलाच कळेना. ती जिने चढली, उतरली. बैठकीच्या खोलीतला पडदा दोनदा तपासला. पाण्याच्या बाटल्या मोजल्या. भट्टीवालीनं विचारलं, "आता काय राहिलंय?" तर म्हणे, "तेच आठवतेय."

घरी ती आणि आई, दोघीच. आईला साखरेचा आजार, आणि दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी. त्या संध्याकाळी आईनं दारातच अहवाल फडकावला. डॉक्टरांनी म्हणे पाठ थोपटली होती, आणि खात्रीसाठी शनिवारी परत एकदा रक्त द्यायला बोलावलं होतं.

भिंगरीनं आकडा बघितला आणि स्वयंपाकघरात बघितलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला होता. दिवाणाखाली आईचे चालायचे बूट होते, त्यांना ताजी माती होती. एरवी ते बूट कोळ्यांच्या ताब्यात असायचे.

"आई, किती दिवस बिनसाखरेचा चहा पितेयस?"

"तपासणी ठरली तेव्हापासून."

"आणि चालतेयस?"

"चालतेय की. चांगलं दोन्ही वेळा."

"अगं, मग हा आकडा खरा कसा? डॉक्टरांना फसवतेयस की स्वतःला?"

"फसवते कुठे?" आई दुखावली. "परीक्षेच्या आधी अभ्यास केला, एवढंच. तू नव्हतीस करत? चांगला अहवाल यायला नको का?"

भिंगरी हसायला गेली आणि मध्येच थांबली. *चांगला.* तिनं चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या आणि गॅलरीत जाऊन खाणीच्या मुकादमाला फोन लावला.

मुकादम म्हणजे देवमाणूस. ढिगाऱ्यातले दगड पोत्यांत भरून त्यानंच पाठवले होते.

"दादा, ते नमुने काढले कसे हो तुम्ही?"

"काढले कसे म्हणजे? निवडून!" मुकादमाचा आवाज फुलून आला. "तुम्ही म्हणाला होतात ना ताई, चांगले नमुने पाठवा म्हणून? मी स्वतः उभा राहिलो. माणसं बसवली, एकेक दगड उन्हात धरून बघायला लावला. जांभळा चमकला की पोत्यात, नाहीतर परत ढिगात. वर धुऊन पुसून पाठवले. एक दगड हलका जाऊ दिला नाही! विद्यापीठात जायचे म्हटल्यावर आपली शोभा व्हायला नको."

भिंगरी कठड्याला टेकली. तिला सगळं आठवलं. नमुने कसे घ्यायचे, ढिगाऱ्याच्या कुठल्या कुठल्या बाजूनं, किती खोलीवरून, याच्या सूचना सरांनी लिहायच्या होत्या. सरांच्या 'लवकरच' मध्ये त्या अडकल्या होत्या. बॅटरीवाले रोज विचारत होते. मग तिनं, जिना उतरता उतरता, फोन खांद्यात धरून, मुकादमाला सांगून टाकलं होतं: चांगले नमुने पाठवा हं दादा. चांगले म्हणजे नीट घेतलेले, असं तिला म्हणायचं होतं. पण चांगले म्हणजे चांगले. पाहुण्यांपुढे कुणी फुटका कप ठेवतं का? मुकादमानं पाहुणचार केला होता. उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या त्या भिंगरीनं.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना गाठलं. सरांनी ऐकलं, खिडकी लावली, मग पुन्हा उघडली.

"नमुने खोटे नाहीत," ते म्हणाले. "निवडक आहेत."

"सर, निवडलेल्या शितावरून भाताची परीक्षा कशी होणार?"

"दुसऱ्या टप्प्यात नव्यानं घेऊ ना! तेव्हा दुरुस्त होईल सगळं. आत्ता बोललात तर तेलही गेलं, तूपही गेलं. अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. चार जणांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यात तुम्हीही आहात."

सर वाईट नव्हते. घाबरले होते. त्यांचा हात खिडकीच्या कडीवरच राहिला होता. भिंगरीला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की ती करायची तेच तिनं केलं: निघाली. दोन बस बदलून खाणीवर पोचली.

टेकडीवर उभी राहिली आणि बघतच राहिली. वर्षभर या टेकडीचे फोटो तिनं जगाला दाखवले होते, प्रत्यक्षात ती पहिल्यांदाच बघत होती. सगळीकडे राखाडी. राखाडी दगड, राखाडी भुगा, राखाडी पत्र्याच्या शेडी. जांभळं काही दिसलं तर ते नशीब, आणि तेही वाकून बघितल्यावर. मुकादमानं तिच्यासाठी खुर्ची आणली, ती अर्थातच रिकामी राहिली. टेकडीच्या चारी बाजूंनी, वरून, मधून, खणून, फावडं पडेल तिथला माल तिनं गोळा करायला लावला. त्याची रास केली, राशीचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन टाकले. पुन्हा रास, पुन्हा चार भाग, शेवटी पोतंभर उरलं तरी त्यात सगळी टेकडी यावी म्हणून.

मुकादम कमरेवर हात ठेवून बघत होता. "ताई, हे काय नमुने? हे तर घरातल्या माणसांनाही दाखवायचे नाहीत."

"असेच हवेत आता," ती म्हणाली. पुढचं सांगायचा तिला धीर झाला नाही. त्यानं एवढ्या कौतुकानं धुतलेल्या दगडांचं काय झालं, ते त्याला कुठल्या तोंडानं सांगणार?

भट्टीवालीनं काही न विचारता भट्टी पेटवली. गुरुवारी तिनं आकडा भिंगरीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मी कुणाला दाखवलेला नाही. तू ठरव." पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही तो पोचत नव्हता.

शुक्रवारी बैठकीला सगळे वेळेवर आले, हेच मुळात अशुभ. बॅटरी कंपनीच्या मोठ्या बाई आल्या. कमी बोलायच्या आणि बोलताना पेन बंद करायच्या. खाणीचे मालक आले आणि त्यांच्याबरोबर, कडक इस्त्रीच्या शर्टात, मुकादमही आला. उत्तम नमुन्यांबद्दल त्याचे आभार मानायचे असं सरांनीच मागे ठरवलं होतं, आणि ते रद्द करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो कोपऱ्यात बसून भिंगरीकडे बघून हसला. तिनं नजर पाण्याच्या बाटल्यांवर नेली.

सरांनी पडद्यावर जुनाच आकडा दाखवला. खाणमालकांनी मान डोलावली. बाईंनी पेन बंद केलं.

"एकच विचारते. हे साऱ्या ढिगाऱ्याची सरासरी धरून आहे ना?"

सर घोटभर पाणी प्याले. मग म्हणाले, "नमुन्यांचं सगळं आमच्या व्यवस्थापक बघतात. त्याच सांगतील."

सगळ्यांच्या माना वळल्या. भिंगरी नेहमीप्रमाणे दारापाशी उभी होती. तिला वाटलं, 'हो' म्हणावं. एकच अक्षर. वाक्य पुरं करायची तर तिला जन्माची सवय. भट्टीवाली खाली मान घालून बसली होती.

"नाही," भिंगरी म्हणाली. "ते निवडलेले दगड आहेत. मी फोनवर घाईघाईत 'चांगले पाठवा' म्हटलं, त्यांनी चांगले पाठवले. चूक माझी आहे. परवा सगळीकडून नीट नमुने घेतलेत. खरा आकडा वेगळा आहे." आणि तिनं तो सांगितला.

खाणमालकांनी मुकादमाकडे बघितलं, ते चांगलं बघणं नव्हतं.

"त्यांचा काही दोष नाही," भिंगरी पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं.

मुकादम उठून उभा राहिला होता. चेहरा पडला होता. "ताई," तो म्हणाला, "मग तुम्ही 'खरे' म्हणायचं होतं. खरे म्हणाला असतात, तर मी खरे पाठवले असते."

भिंगरी जवळच्या खुर्चीवर बसली, ती पूर्ण टेकून.

बाईंनी पेन उघडलं. "एवढ्यावर कारखाना उभा राहत नाही," त्या म्हणाल्या. "पण काढायचा खर्च कमी करता आला तर बघू. भट्टीचं काम चालू ठेवा, त्याचं आम्ही देऊ. बाकीचं आत्ता नको." मग भिंगरीकडे बघून म्हणाल्या, "आज नाही, परवाच सांगायला हवं होतं." तेही खरंच होतं. भट्टीवाली आणि तिचे मदतनीस राहिले. व्यवस्थापक 'बाकीच्यात' मोडत होती. सर तिच्याशी बोलले नाहीत. फक्त निघताना तिच्यासाठी दार धरून उभे राहिले, आणि तसे ते कधी कुणासाठी राहत नसत.

घरी आली तेव्हा आई चहा करत होती. भिंगरी स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत सगळं सांगत सुटली. सर, बाई, राखाडी टेकडी, मुकादमाचा इस्त्रीचा शर्ट. मुकादमापाशी आली तेव्हा तिला रडू फुटलं. नोकरीचं तिनं रडून झाल्यावर सांगितलं.

आई ऐकत होती. मग तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढून वरच्या फळीवरचा साखरेचा डबा खाली घेतला, आणि आपल्या कपात तिच्या नेहमीच्या हातानं, म्हणजे भरपूर, साखर घातली.

"आई! तुझी उद्या परत तपासणी आहे ना?"

"आहे की." आईनं चमचा ढवळला. "बघू दे त्यांनाही, काय आहे ते. आणि तू बस गं जरा, कप हातात आहे. सांडशील."